ब्राउझरमधला फुकटचा व्हीपीएन, आणि वयाचा पुरावा मागितला तर काय करायचं

राजारामपुरीत माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे. सुरुवात टायपिंगनं झाली, मधली काही वर्षं सहा पीसींचा नेट कॅफे होता, आता स्कॉलरशिप, पॅन, पासपोर्ट, कॉलेजप्रवेश. गिऱ्हाईक उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधीच पाकिटातून आधार कार्ड काढतं. दुसऱ्याच्या कागदाचं पुढं काय होतं ते मी रोज बघते, आणि खाली सांगणार आहे त्यातलं निम्मं त्यातूनच आलंय.

२०२५ च्या जुलैत, बाहेर पाऊस लागलेला, लाईट येऊन-जाऊन, अशात लीड्सहून भाच्याचा फोन आला. तिथं शिकायला गेलाय. "मावशी, इथं एक ॲप माझं वय विचारतंय. चोवीस वर्षांचा घोडा झालो तरी म्हणतंय तोंड दाखव नाहीतर पासपोर्ट दाखव. ऑपेरात व्हीपीएन आहे म्हणे, फुकट. लावू काय?"

त्याच आठवड्यात मंगळवार पेठेतल्या एक वहिनी मुलाचा लॅपटॉप पिशवीत घालून आल्या. "ताई, ह्याच्या इंटरनेटवर निळं काहीतरी पेटतंय बघा. आणि ह्याच्या बाबांनी राऊटरला कुलूप लावलं होतं, ते काय चालंना झालंय." ते निळं म्हणजे ऑपेरा ब्राउझरचा तोच व्हीपीएन.

दोघांची अडचण निराळी, पण घोळ एकच. व्हीपीएन लावला की आपण कुणाला दिसत नाही, असं दोघांच्याही डोक्यात होतं.

वहिनींना मी डब्याचं उदाहरण दिलं. पोरगं पुण्याला शिकायला, आई रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवते. डबा कोल्हापूरच्या गाडीतून उतरला की बघणाऱ्याला कळतं, कोल्हापूरचा आहे. आता समजा आईनं डबा आधी साताऱ्याला एका ओळखीच्याकडं धाडला, त्यानं तो आपल्या पिशवीत घातला आणि साताऱ्याच्या गाडीनं पुढं पाठवला. पुण्यातल्या माणसाला सातारा दिसलं. व्हीपीएनचं काम एवढंच. पण साताऱ्याच्या माणसाला सगळं ठाऊक आहे, कुणाकडनं आला, कुणाला जायचाय. आणि आईनं डब्याच्या झाकणावर नाव, जन्मतारीख आणि फोटो चिकटवला असेल, तर गाडी कुठली का असेना, पुण्यात डबा कुणाचा ते कळणारच. लॉगिन म्हणजे ते झाकण. वय तपासणीला आधार किंवा पासपोर्ट दिला तर झाकणावरचा फोटोही आला.

आजकाल बहुतेक साइटी एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे डब्याला कुलूप आधीपासून असतंच. साताऱ्याच्या माणसाला आत आमटी आहे की पांढरा रस्सा ते दिसत नाही. कुठं चाललाय तेवढं दिसतं.

ऑपेरात कसा लावायचा

फुकट, बिनालॉगिन आणि ब्राउझरमध्येच बसवलेला म्हणून ऑपेराचा जास्त चालतो. २०१६ पासून तो आहे. पीसीवर ऑपेरा उघडा, सेटिंग्जमध्ये जा आणि वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत व्हीपीएन टाइप करा. मेनू दर काही महिन्यांनी इकडचे तिकडं होतात, त्यामुळं शोधून काढणंच सोपं. तिथलं बटण चालू केलं की पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या बाजूला व्हीपीएन लिहिलेला छोटा बिल्ला येतो. बिल्ला निळा असेल तर चालू, करडा असेल तर बंद. त्यावर क्लिक केलं की जागा निवडता येते, पण देश नाही. अमेरिका, युरोप, आशिया असे मोठे मोठे तुकडेच मिळतात. अमुकच देश पाहिजे असेल तर पैसे मोजावे लागतात.

तिथंच खाली एक ओळ असते, आणि ती कुणी वाचत नाही. नेहमीच्या सर्च इंजिनसाठी व्हीपीएन बाजूला ठेवा, अशा अर्थाची. ती चालू राहिली तर तुम्ही गूगलवर जे शोधता ते तुमच्या खऱ्या पत्त्यावरनंच (आयपी, म्हणजे नेटवरचा तुमचा आकड्यांचा पत्ता) जातं, आणि बिल्ला मात्र निळाच्या निळा दिसतो. ती बंद करा. फोनवरच्या ऑपेरातही हीच ओळ असते, शिवाय फक्त प्रायव्हेट टॅबसाठी व्हीपीएन वापरा असा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर साध्या टॅबला काहीच संरक्षण नाही. वहिनींच्या मुलाच्या फोनवर अगदी हेच होतं. गडी सहा महिने आपण लपलोय अशा समजुतीत होता.

आणखी एक सेटिंग वेबआरटीसीचं. ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करायला ते लागतं, पण त्याच्या फटीतून खरा पत्ता बाहेर जाऊ शकतो. सेटिंग्जमध्ये वेबआरटीसी शोधा आणि प्रॉक्सीबाहेरचं यूडीपी बंद करा अशा अर्थाचा पर्याय निवडा. मग कधी ब्राउझरमधला व्हिडिओ कॉल अडला तर कारण तेच असू शकतं, तेवढं ध्यानात ठेवा.

लागला की नाही ते कसं बघायचं

माझी पद्धत सांगते. व्हीपीएन लावायच्या आधी गूगलवर 'व्हॉट इज माय आयपी' शोधा आणि जो आकडा येईल तो कागदावर लिहा. आकडा सांगणारी एखादी साधी साइटही उघडून ठेवा. ती साइट गावाचं नाव दाखवेल, त्यावर मात्र विसंबू नका. आपण राजारामपुरीत बसलेलो असताना ती मुंबई नाहीतर पुणे दाखवते, कारण नेट कंपनीचा पत्ता तिथला नोंदवलेला असतो. बऱ्याच जणांना वाटतं, अरे, व्हीपीएन आपोआप लागलाय. तसं काही नसतं. गाव सोडा, आकडा बघा.

आता व्हीपीएन चालू करून तीच साइट रिफ्रेश करा. आकडा बदलला पाहिजे. तो बदलला की शेजारी क्रोम उघडा आणि तिथंही तीच साइट बघा. क्रोममध्ये जुनाच आकडा येईल. हा प्रयोग मी प्रत्येकाला करून दाखवते, कारण त्याशिवाय माणसाच्या डोक्यात बसत नाही की ब्राउझरमधला व्हीपीएन त्या ब्राउझरपुरताच असतो. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, गेम, बँकेचं ॲप, यातल्या कशालाही तो हात लावत नाही. जाणकार म्हणतात हा खरं तर प्रॉक्सी आहे, म्हणजे एका ब्राउझरपुरता मधला माणूस, आणि त्यांचं बरोबर आहे.

भाच्याला फोनवर मी पहिलं हेच विचारलं. "तू ते ब्राउझरमध्ये उघडतोस की ॲपमध्ये?" म्हणाला, ॲपमध्ये. "मग ऑपेराचा काय लोणचं घालायला उपयोग?"

बाकीच्या ब्राउझरचं थोडक्यात

मायक्रोसॉफ्ट एजमध्ये सिक्युअर नेटवर्क नावानं मिळतो. मागं यंत्रणा क्लाउडफ्लेअर या कंपनीची. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन करावं लागतं आणि महिन्याला ५ जीबी फुकट. सगळ्यांच्या एजमध्ये तो दिसतोच असं नाही. त्यात देश निवडताच येत नाही, तुमच्याच भागातला दुसरा पत्ता दिला जातो. म्हणजे लॉजच्या नाहीतर स्टँडवरच्या उघड्या वायफायवर काम करायचं असेल तर उपयोगाचा, परदेशी दिसायचं असेल तर नाही. दुकानात येणाऱ्या पेन्शनरांना मी हाच सुचवते. आपोआप चालू होण्याच्या मोडवर ठेवला की धोक्याच्या जागी स्वतः चालू होतो आणि ५ जीबी पुरतात.

ब्रेव्हमध्ये व्हीपीएनचं बटण दिसतं, पण ते पैशाचं. फुकट मिळते ती टोरची प्रायव्हेट खिडकी, टोर म्हणजे बऱ्याच ठिकाणांहून फिरवून पत्ता लपवणारं जाळं. ती हळू चालते आणि दर दुसरी साइट तुम्ही माणूस आहात का ते विचारते. विवाल्डी ब्राउझरमध्ये प्रोटॉन या कंपनीचा व्हीपीएन जोडलेला आहे, खातं काढून फुकट वापरता येतो. आयफोनवाल्यांचा प्रायव्हेट रिले आयक्लाउडचे पैसे भरणाऱ्यांनाच मिळतो. क्रोममध्ये तुमच्या-माझ्या पीसीवर आतला असा व्हीपीएन नाही. क्रोमच्या दुकानातनं जे 'फ्री व्हीपीएन' एक्स्टेन्शन घालता, ते आतलं नव्हे. ते तिसऱ्याच कुणाचं तरी असतं आणि ब्राउझरमधलं सगळं वाचायची परवानगी मागतं. तिथं थांबा.

इन्कॉग्निटोचा आणि याचा काडीचा संबंध नाही. इन्कॉग्निटो तुमच्या बायकोपासून हिस्टरी लपवतो, साइटपासून पत्ता लपवत नाही.

फुकट म्हणजे कुणाच्या पैशानं

आमच्याकडं गुळाच्या अड्ड्यावर लोक गुळाची चव घेऊन बघतात, फुकट. पण तो अड्डा चालतो कशावर हे सगळ्यांना माहीत असतं. व्हीपीएनचं तसं नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत, कुणीतरी भरतंच. ब्राउझर कंपनी भरत असेल तर तिला तुम्ही तिचा ब्राउझर वापरायला हवे असता, किंवा पुढं पैशाची आवृत्ती घ्यायला. हे मला समजतं आणि चालतं. ज्या ॲपच्या मालकाचं नावगाव सापडत नाही, त्याचं काय चालतं ते समजत नाही, म्हणून ते नको.

उदाहरणं जुनीच आहेत, पण लोक विसरतात. २०१५ मध्ये उघड झालं की होला नावाचा फुकट व्हीपीएन आपल्या वापरकर्त्यांचीच नेटलाईन दुसऱ्यांना वापरायला देत होता. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून परका माणूस काय करतोय ते तुम्हाला कळणारही नाही, आणि चौकशी आली तर ती तुमच्या दारात. फेसबुकनं ओनावो नावाची कंपनी घेतली होती. तिचं व्हीपीएन ॲप संरक्षणाच्या नावाखाली लोक कुठली ॲपं वापरतात ते फेसबुकला कळवत होतं. ॲपलनं २०१८ मध्ये ते आपल्या स्टोअरवरून काढायला लावलं.

आपल्याकडं व्हीपीएन वापरणं हा सर्वसाधारणपणे गुन्हा नाही. गुन्हा असतो तो त्यातून केलेल्या कामाचा. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, सर्ट-इननं, एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची माहिती पाच वर्षं ठेवायची. त्यावरून एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क अशा मोठ्या कंपन्यांनी भारतातले सर्व्हर उचलून नेले.

कुठं अडतं

काही सरकारी साइटी परदेशी पत्त्यावरून उघडतच नाहीत. फॉर्मची शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, साइट उघडेना, पोरगं रडकुंडीला आलेलं, आणि कारण काय तर निळा बिल्ला. हे माझ्या दुकानात एकदा नाही, तीनदा झालंय. बँकेच्या साइटवर व्हीपीएन लावून गेलात तर बँकेला वाटतं, कोल्हापूरचं खातं ॲमस्टरडॅममधून कोण उघडतंय, आणि मग ओटीपीवर ओटीपी नाहीतर खातंच थोडा वेळ बंद. म्हणून बँक, सरकारी काम, परीक्षेचे फॉर्म, हे सगळं व्हीपीएन बंद करून. फुकट व्हीपीएनचा एकच पत्ता हजारो लोक वापरतात, त्यामुळं कुठं काय झालं तर चित्रातल्या बसगाड्या आणि सिग्नल ओळखत बसायचं तुमच्या नशिबी येतं.

वयाचा पुरावा मागितला तर

आता भाच्याच्या प्रश्नाकडं येते. ब्रिटनचा ऑनलाईन सेफ्टी कायदा २०२३ चा. त्यातली प्रौढ मजकुरासाठीची वय तपासणी २५ जुलै २०२५ पासून लागू झाली. त्या दिवसापासून 'मी अठराच्या वरचा आहे' यावर टिचकी मारून काम भागत नाही. प्रोटॉननं जाहीर केलं की त्यांच्या व्हीपीएनची ताशी नोंदणी १,४०० टक्क्यांहून जास्त वाढली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्या मुलांना मोठ्या सोशल मीडिया साइटींवर खातंच ठेवता येत नाही, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड आहे. तिथल्या नियामकांनी कंपन्यांना व्हीपीएनवरनं येणारी मुलंही ओळखायला सांगितलंय. अमेरिकेत टेक्सासचा प्रौढ साइटींसाठीचा कायदा सुप्रीम कोर्टानं जून २०२५ मध्ये कायम केला.

आपल्याकडं वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा आहे. त्यात अठराच्या आतला म्हणजे मूल, आणि मुलाचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती पाहिजे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण हा भाग लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. तेव्हा दुकानात आई-बापांची रांग लागणार हे मी आत्ताच सांगून ठेवते.

साइट तुमचा देश ओळखते ती मुख्यतः आयपीवरून, म्हणून व्हीपीएन लावला की कधी कधी तपासणीचं पान येतच नाही. पण खात्याला जोडलेला मोबाईल नंबर, कार्ड, जुना वापर, हे सगळं पत्ता बदलून बदलत नाही. शिवाय आज पळवाट चालली म्हणून उद्या चालेल असं नाही. भाचा सज्ञान आहे, त्याला लपायचं कारणच नव्हतं. त्याला नको होतं ते पासपोर्ट द्यायला, आणि ते बरोबरच होतं. मग मी म्हटलं, असा पर्याय निवड की समोरच्याच्या हातात तुझं कमीत कमी राहील.

ब्रिटनच्या नियामकानं, ऑफकॉमनं, चालतील असे सात प्रकार सांगितलेत. बँकेकडून होकार, मोबाईल कंपनीकडून होकार, क्रेडिट कार्ड, ईमेलवरून अंदाज, चेहऱ्यावरून अंदाज, फोटोच्या ओळखपत्राशी चेहरा जुळवणं, आणि डिजिटल ओळख सेवा. माझ्या हिशोबानं मोबाईल कंपनीचा होकार सगळ्यात बरा, कारण कंपनीकडं तुमच्या नंबरची नोंद आधीच असते, नवीन कुणाला कागद द्यावे लागत नाहीत. बँकेचंही तसंच, फक्त हो किंवा नाही पुढं जातं. क्रेडिट कार्ड तिथं अठरा वर्षांखाली मिळत नाही, म्हणून चालतं. चेहऱ्यावरून अंदाज घेताना नाव विचारत नाहीत, आणि काही ठिकाणी फोटो फोनमधून बाहेरही जात नाही, पण तसं लिहिलंय का ते आधी वाचायचं. ओळखपत्राचा फोटो अगदी शेवटी, दुसरं काहीच चालत नसेल तर.

शेवटी का, तर डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी सांगितलं की ग्राहकसेवा बघणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून सुमारे ७०,००० लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो फुटले असावेत. ही माणसं कोण? वयाचा निकाल चुकला म्हणून दाद मागायला ज्यांनी ओळखपत्र पाठवलं ती. म्हणजे नियमानं वागलेली.

मला यात नवल वाटलं नाही. लॉकडाऊन उठल्यावर एकदा माझा काउंटरवरचा पीसी रखडत चालायला लागला. डिस्क भरली म्हणून डाउनलोड्सचं फोल्डर उघडलं. आधार पुढचं, आधार मागचं, नवीन आधार ३, पप्पांचं पॅन फायनल, पासपोर्ट साइज, सही, अंगठा. मोजल्या तर अकराशेच्या वर फाइली. लोकांनी व्हॉट्सॲप वेबवरून पाठवलेल्या, मेलवरून उतरवलेल्या, प्रिंट काढून निघून गेलेली माणसं. त्यातली दोन-तीन माणसं तर आता हयातही नव्हती. मी एकही कागद कुणाला विकला नव्हता की दाखवला नव्हता. फक्त पुसायचे राहिले होते, चार वर्षांचे. आणि त्या पीसीवर कॉलेजची पोरं येऊन बसत होती. त्या रात्री शटर ओढून साडेबारापर्यंत एकेक बघत डिलीट केलं, मग रिसायकल बिन रिकामं केलं. तेव्हापासून रोज रात्री कॅश मोजायच्या आधी डाउनलोड्स रिकामं. जगाच्या पाठीवरची कुठलीही कंपनी 'आम्ही तपासून लगेच पुसतो' म्हणाली की मला आधी माझं ते फोल्डर दिसतं.

म्हणून ओळखपत्र द्यायचीच वेळ आली तर एवढं बघा. तपासणी साइट स्वतः करते की दुसरी कंपनी, आणि तिचं नाव काय. फोटो किती दिवस ठेवणार. आधार सोडून दुसरं चालतं का, उदाहरणार्थ लायसन. आधारच द्यायचं झालं तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घ्या, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात. झेरॉक्सवर 'फक्त अमुक कामासाठी' आणि तारीख लिहायची आपली जुनी सवय कागदावर चांगली आहे. ऑनलाईन तपासणीत मात्र वर काही लिहिलेला फोटो यंत्र परत पाठवतं. आणि वयाची तपासणी म्हणून कुणी ओटीपी, यूपीआयचा पिन किंवा 'एक रुपया पाठवा' म्हणालं तर ती तपासणी नव्हेच. लिंक मेसेजमधून आली असेल तर उघडू नका. स्वतः ॲपमध्ये जाऊन बघा, खरंच विचारतंय का.

मंगळवार पेठेचा लॅपटॉप

पोरगं चौदाचं. पेठेतल्या टीमकडून फुटबॉल खेळतं, अभ्यासातही बरं आहे. रात्री दहानंतर गेमच्या चॅटवर बसायचं म्हणून वडिलांनी राऊटरवर ती साइट बंद केली, आणि ह्यानं दोन मिनिटांत ऑपेरा टाकला. राऊटर बघतो तेव्हा त्याला फक्त व्हीपीएनचा सर्व्हर दिसतो, पुढं पोरगं कुठं गेलं ते दिसत नाही. राऊटरचं कुलूप म्हणून निकामी झालं.

आईला वाटत होतं, व्हीपीएन काढला की झालं. काढून काय होणार, उद्या दुसरा ब्राउझर टाकेल. मी आधी बघितलं ते त्याचं गूगलचं खातं. जन्मसाल १९९९ टाकलेलं. म्हणजे साइटच्या लेखी तो पंचविशी ओलांडलेला बाप्या, आणि त्याला जाहिराती, अनोळखी लोकांचे मेसेज सगळं त्या हिशोबानं. व्हीपीएनपेक्षा हे मला जास्त खटकलं. गूगलच्या खात्यात खरी जन्मतारीख टाकली. मग आईचा फोन घेऊन तिथंच गूगलचं पालकांच्या देखरेखीचं ॲप, फॅमिली लिंक, जोडून टाकलं. त्यात नवीन ॲप टाकायला आईची परवानगी लागते. लॅपटॉपवर त्याला ॲडमिन नसलेलं वेगळं खातं काढून दिलं आणि मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली सेफ्टीत जोडलं. तिथलं वेब फिल्टर एजवर चालतं आणि चालू असलं की बाकीचे नेहमीचे ब्राउझर उघडू देत नाही. ऑपेरा असून नसल्यासारखा.

हे सगळं पोराच्या समोर केलं, तो बाजूच्या खुर्चीत बसून बघत होता. मागं लपून करायचं नाही, नाहीतर तो शेजारच्याचं वायफाय शोधतो. शेवटी त्यानंच विचारलं, "काकी, अकरापर्यंत तरी ठेवा की. मॅचच्या आदल्या दिवशी सगळे असतात." आईनं शनिवारी अकरा कबूल केलं. माझे दीडशे रुपये झाले. वहिनींनी शंभर दिले आणि पन्नास पुढच्या झेरॉक्सला म्हणाल्या.

भाच्याचं मात्र लांबलं. सिम मित्राच्या नावावर, म्हणून मोबाईल कंपनीचा होकार मिळेना. क्रेडिट कार्ड नाही. उरला चेहऱ्याचा अंदाज. यंत्र दोन-चार वर्षं इकडंतिकडं चुकतं, म्हणून उंबरठा अठराच्या बराच वर ठेवतात, आणि आमचा गडी त्याच दिवशी गुळगुळीत दाढी करून, टोपी घालून, ट्यूबलाइटखाली बसलेला. नापास. पुढचं पान पासपोर्टचं आलं. मी म्हटलं, ते बंद कर, घाई काय आहे? टोपी काढ, खिडकीच्या उजेडात बस, आणि चार दिवस वस्तऱ्याला हात लावू नको.

पाचव्या दिवशी पास झाल्याचा स्क्रीनशॉट आला, आणि खाली दाढी वाढलेला फोटो. सोबत लिहिलं होतं, आईला दाखवू नको, म्हणेल पोरगं तिकडं जाऊन बिघडलं.